दाखल्याची वाट पाहू नका: मराठी शाळांतल्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतले सर्व शिक्षक-शिक्षिका

गुरुजी, बाई, सर, मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं अवघड जातं. पहिली ते चौथी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, पुढे हायस्कूलला, सगळं शिक्षण मराठीतून झालं. हे पत्र मी मोबाइलला बोलून सांगितलं, त्याच्याकडूनच परत वाचून घेतलं आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या बहिणीने तपासलं. हे आधीच सांगते, कारण "इतकं चांगलं लिहितेस, मग तुला कसला आलाय डिस्लेक्सिया?" असं कोणी ना कोणी विचारतंच.

शाळा नुकत्याच सुरू झाल्यात. तुमच्या वर्गात नवी मुलं आली असतील. शाळकरी मुलांपैकी साधारण ५ ते १५ टक्के मुलांना वाचन, लेखन किंवा गणित यांतली विशिष्ट अध्ययन अक्षमता असते, असं जगभर मानलं जातं; डिस्लेक्सिया त्यातलाच. सगळ्यात खालचा आकडा धरला तरी तीस मुलांच्या वर्गात एखाद-दुसरं मूल आलंच. त्या मुलासाठी हे पत्र आहे.

मैत्रीण म्हणाली, मंत्र्यांना लिही. पण कागदावर आम्हाला बरंच काही मिळालेलं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अक्षमता आहेत आणि त्यात आमचीही आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायची, परीक्षेत जादा वेळ द्यायचा, लेखनिक द्यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची, असं लिहिलेलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या खटल्यात सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी अक्षमता ४० टक्के असलीच पाहिजे असं नाही, ज्याला गरज आहे त्याला सोय द्यावी लागेल. म्हणजे कायदा आहे, निकाल आहे. पण हे सगळं परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडतं. दुसरीतल्या मुलासमोर पुस्तक उघडलेलं असतं, तेव्हा त्याच्यासमोर कायदा नसतो, तुम्ही असता. म्हणून तुम्हाला लिहितेय.

आमच्या भागात अजूनही अनेकांना वाटतं की डिस्लेक्सिया हा इंग्रजी शाळांतल्या, शहरातल्या मुलांचा प्रकार आहे. असं वाटायला कारणही आहे. महाराष्ट्रात या विषयावर काम सुरू झालं ते मुंबईत. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही पालकांची संस्था १९९६ साली तिथेच उभी राहिली, राज्याने सवलती द्यायला सुरुवात केली तीही त्याच सुमारास, आणि तपासणीसाठी लोक सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जायचे. ज्या पालकांना हे सगळं कळलं ते बहुतेक इंग्रजी माध्यमातले. आमच्या तासगाव भागातल्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या आईला हे कोण सांगणार होतं? पण मेंदूला माध्यम कळत नाही. अक्षर बघून त्याचा आवाज झटकन आठवणं आणि आवाजांचा शब्द जुळवणं, हे काम ज्याला अवघड जातं त्याला ते इंग्रजीतही जातं, मराठीतही जातं. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची चाचणी काढली. ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे.

आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे मराठीत अडायला नको, असंही मला एका सरांनी सांगितलं होतं. ते अर्धं खरं आहे. इंग्रजी स्पेलिंगसारखा मनमानी कारभार मराठीत नाही आणि त्याचा मला फायदाच झाला. पण एक 'र' घ्या. 'रवा'मध्ये तो साधा असतो. 'सूर्य'मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, पण म्हणायचा मात्र आधी. 'चक्र'मध्ये पोटात तिरकी रेघ होतो, 'राष्ट्र'मध्ये खाली टोपी उलटी ठेवल्यासारखा दिसतो आणि 'सुऱ्या'मध्ये आणखी वेगळा. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे लागते आणि उच्चार अक्षरानंतर येतो. त्यात घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ट-ठ-ढ. एक-एक व्यंजन बारा रूपांत येतं, शिवाय जोडाक्षरं. तुम्ही हे सगळं इतक्या लहानपणी पार केलं की आता ते दिसतही नाही. मला आजही दिसतं.

बरेच जण विचारतात, अक्षरं नाचतात का? नाही. माझी अक्षरं जागच्या जागी असतात. डोळेही ठीक आहेत, चष्म्याचा यात काही संबंध नाही. मला फक्त वेळ लागतो. 'निसर्गाच्या सान्निध्यात' एवढं वाचायला मला इतका जोर लावावा लागायचा की ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते विसरलेलं असायचं. मग परत पहिल्यापासून. तेच कोणी वाचून दाखवलं, तर एकदा ऐकून मला सगळं समजायचं आणि लक्षातही राहायचं.

आणि इथेच तुमची फसगत होते. माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती रात्री मोठ्याने वाचायची, मी ऐकायचे. कविता, धडे, त्यांखालचे प्रश्न, सगळं तोंडपाठ. वर्गात पुस्तक समोर धरून मी धडा म्हणायचे आणि बाईंना वाटायचं मी वाचतेय. बोट भलत्याच ओळीवर असायचं. बाराखडी तर मी सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायचे. पण कोणी मधूनच 'खे' काढायला सांगितलं की 'क'पासून म्हणत यावं लागायचं. नवा उतारा आला की सगळं उघडं पडायचं. मग शेरा ठरलेला: "हुशार आहे, पण आळस करते." प्रगतिपुस्तकावर "वाचनाकडे लक्ष द्यावे" दर वर्षी असायचं. लक्ष कसं द्यायचं, हे मात्र त्यावर कधी लिहिलेलं नव्हतं.

एक विनंती करते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुसरी-तिसरीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवून, त्याने कधीच न पाहिलेल्या चार ओळी वाचायला द्या. पाठ्यपुस्तकातल्या नकोत. अर्थ नसलेले दोन-चार शब्दही द्या, 'टमोखी', 'लुपेडा' असे. पाठांतराने ते वाचता येत नाहीत, अक्षरं ओळखावीच लागतात. जे मूल बोलण्यात चुणचुणीत आहे, ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसकट सांगतं, पण इथे अडखळतं, त्याच्याकडे लक्ष ठेवा. फळ्यावरचं उतरवून घेताना दर अक्षराला मान वर करणारं, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिणारं, वाचनाची पाळी जवळ आली की पाणी प्यायला उठणारं मूलही त्यातलंच असू शकतं.

मागे पडलेलं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं, हेही तितकंच खरं. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं मूल सहा महिने शाळेत नसेल, तर त्याला शिकवणंच पोचलेलं नसतं. नीट शिकवलं की ते भराभर पुढे येतं. ज्याला तसंच नीट शिकवूनही अक्षर आणि आवाज यांची गाठ बसत नाही, ते आमच्यातलं. दोघांतला फरक ओळखायला एखादं सत्र जाईल. पण दोघांनाही त्या काळात द्यायचं शिकवणं एकच आहे, त्यामुळे ओळखण्यात थोडी गडबड झाली तरी कोणाचं नुकसान होत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय ते हेच. अक्षमतेच्या दाखल्याची वाट पाहू नका. २०१८च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्राचं वय ठरवलं ते किमान आठ वर्षं, मग पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी. आठ वर्षं म्हणजे तिसरी. प्रत्यक्षात आमच्याकडे ही धावपळ सुरू होते नववीत, कारण तेव्हा दहावी दिसायला लागते. मधली सहा वर्षं मूल तसंच पुढच्या वर्गात ढकललं जातं. दुसरीपर्यंत मुलाला वाचायला शिकवतात, त्यानंतर त्याने वाचून शिकायचं असतं. दुसरीत माझं वाचन अर्धवट राहिलं आणि त्यानंतर मला कोणीही, कधीही, पुन्हा वाचायला शिकवलं नाही. सवलती मिळाल्या. शिकवणं मिळालं नाही.

शिकवणं म्हणजे काय, तर फार मोठं यंत्र लागत नाही. आपल्या पणजोबांच्या काळी मुलं धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायची. तोंडाने आवाज, बोटाला खरखर, डोळ्यांसमोर आकार, तिन्ही एकदम. डिस्लेक्सियाच्या मुलांना शिकवायच्या ज्या पद्धती अमेरिकेत १९३०च्या दशकापासून तयार झाल्या, त्यांचा गाभा हाच आहे: ऐकणं, बघणं, हाताने करणं एकत्र, एका वेळी थोडं, ठरलेल्या क्रमाने, आणि आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. रांगोळीच्या ताटलीत 'घ' आणि 'ध' काढायला लावा, दोन्ही एकाच दिवशी मात्र नकोत. जोडाक्षर तोडून दाखवा, पुन्हा जोडून दाखवा. शब्द टाळ्यांवर फोडा. रोज पंधरा मिनिटं, चार-पाच मुलांना जवळ घेऊन. मला हे अकरावीत एका विशेष शिक्षिकेने शिकवलं. वर्षभरात मी वर्तमानपत्रातली बातमी कोणाच्या मदतीशिवाय वाचायला लागले. सतराव्या वर्षी जे झालं ते सातव्या वर्षी किती सोपं गेलं असतं, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

तुमच्यावर आधीच किती कामं आहेत, ते आम्ही बघतो. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशोब, आणि दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग. कायद्याने विशेष शिक्षक मिळायला हवेत. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि माध्यमिकला पंधरामागे एक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेलं आहे. तुमच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, पण एकेकाकडे कितीतरी शाळा. त्यांना बोलवा, मूल दाखवा, पाठपुरावा करा. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे ॲप शाळेतच प्राथमिक चाळणी करण्यासाठी आहे, तेही वापरा. ते येईपर्यंतची पंधरा मिनिटं मात्र तुमच्याकडेच मागावी लागतायत.

आणि काही गोष्टींना तर पंधरा मिनिटंही लागत नाहीत. प्रकट वाचनाला अचानक उभं करू नका. वाचायला लावायचंच असेल, तर उतारा आदल्या दिवशी सांगा. शुद्धलेखन चुकलं म्हणून तोच शब्द वीस वेळा लिहून आणायला सांगू नका. मी 'परिस्थिती' वीस वेळा लिहिला तेव्हा तो वीसही वेळा चुकीचाच लिहिला होता, आणि त्यासाठी पुन्हा हात पुढे करावा लागला. परिसर अभ्यासाच्या उत्तरात वेलांटी चुकली म्हणून गुण कापू नका, तिथे माहिती तपासायची आहे. घटक चाचणीचा पेपर सगळ्या वर्गाला एकदा मोठ्याने वाचून दाखवा. कोणाला वेगळं पाडल्यासारखं होणार नाही.

शिवाय एक हत्यार तुमच्या हातात २०१० पासून आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे वर्षभर करत राहायच्या, नोंदींमध्ये 'तोंडीकाम' आहे, 'प्रात्यक्षिक' आहे, 'उपक्रम' आहे. बहुतेक ठिकाणी हे रकाने सत्राच्या शेवटी लेखी गुणांकडे बघून भरले जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्यासारख्या मुलाचे ते रकाने खरे भरा. त्याला झाडाचे भाग तोंडी विचारा, बी रुजवून दाखवायला सांगा. त्याच्या प्रगतिपुस्तकावर पहिल्यांदाच काहीतरी खरं दिसेल. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. वाचता न आल्याने पाचवीत बसलेल्या मुलाला त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष शिकवलं, तर ते फक्त वयाने वाढेल.

गणिताचंही थोडं बोलते. 'त्रेपन्न' ऐकलं की आधी 'त्रे' कानावर येतो, म्हणून मी ३ आधी लिहायचे आणि ३५ व्हायचे. एकोणसाठ, एकोणसत्तर यांचा तर मला धसकाच होता. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांसोबत 'पन्नास तीन' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधिमंडळात आडनावांवरून कोट्या झाल्या. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर मुलांच्या बाजूने शांतपणे समजावून सांगत होत्या. भाषेचं काय होईल, ही लोकांची काळजी मला समजते. मलाही एकोणसाठ म्हणायला आवडतं. पण ज्या मुलाचे आकडे उलटे पडतात, त्याच्या शेजारी बसून 'पन्नास आणि तीन' म्हणा. तो ५३ बरोबर लिहितो. मी माझ्या मावसभावाला असंच शिकवलं.

दहावीचं सांगते, म्हणजे सवलत काय असते ते कळेल. मला लेखनिक मिळाली. नियमाने ती खालच्या वर्गातली हवी, म्हणून आमच्याच शाळेतली नववीतली मुलगी आली. वेगळ्या खोलीत आम्ही दोघी आणि एक पर्यवेक्षक. ती प्रश्न वाचायची, मी हळू आवाजात उत्तर सांगायचे, ती लिहायची. ताशी वीस मिनिटं जादा वेळ होता, पण इतिहासाच्या पेपरला अडीच तासांनी तिचाच हात दुखायला लागला आणि मी उत्तरं आखडती घेतली. भूमितीत 'रेख एबी' सांगताना ती वेगळीच आकृती काढत होती. इतकं असूनही विज्ञानाच्या पेपरला, प्रश्न पहिल्यांदाच कानावर पडल्याबरोबर, मला सगळी उत्तरं येत होती. आठ वर्षं मला वाटत आलं होतं की मी ढ आहे. त्या खोलीत ते खोटं ठरलं. सवलत म्हणजे फुकटचे गुण, असं जे स्टाफरूममध्ये बोललं जातं, ते कृपा करून मुलांसमोर तरी बोलू नका.

पालकांशी बोलताना जरा सांभाळून बोला. माझा दाखला काढायचा म्हटल्यावर माझे वडील, अण्णा, आठवडाभर गप्प होते. "मुलीच्या नावावर अपंगाचा कागद, उद्या सोयरीक जमवताना काय सांगायचं?" हे त्यांनी शेवटी आईला विचारलं. त्यांना कोणी हे सांगितलं नव्हतं की हा बुद्धीचा दोष नाही, आणि घराण्यात तो चालत येतो. अण्णा स्वतः चौथीत शाळा सोडून बसले. बागेतल्या फवारणीचं अख्खं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात असतं, बेदाण्याचा भाव तोंडावर असतो, पण औषधांच्या डब्यांवर त्यांनी रंगाचे पट्टे मारलेत, कारण नावं वाचायची वेळ येऊ द्यायची नाही. त्यांनाही हेच असेल का, हे आता कोण तपासणार? आमच्या हायस्कूलच्या एका बाई घरी आल्या, ओट्यावर बसल्या, अण्णांना म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. तिची वाचायची रीत वेगळी आहे, तेवढं आपण करू." दुसऱ्या दिवशी अण्णा जिल्ह्याच्या ठिकाणी यायला तयार झाले. कुठल्याही पत्रकाने जे झालं नसतं, ते त्या बाईंच्या दोन वाक्यांनी झालं. "घरी लक्ष द्या, शिकवणी लावा" एवढंच सांगून पालकाला परत पाठवू नका. शिकवणीत तेच पुन्हा, त्याच वेगाने होतं आणि मुलाचा खेळायचा वेळ तेवढा जातो.

महिन्याला तुमची केंद्राची शिक्षण परिषद असते. तिच्यातला अर्धा तास या विषयाला द्या, असं तुमच्या केंद्रप्रमुखांना सांगा. आमच्यासारखी मोठी झालेली मुलं आता प्रत्येक तालुक्यात आहेत. बोलावलंत तर आम्ही येऊ. तुमच्या वर्गातलं मूल नक्की कुठे अडतंय, ते आम्ही त्याच्याशेजारी बसून दाखवू शकतो. मी शनिवारी सकाळी मोकळी असते.

आपली,
एक विद्यार्थिनी
(बी.एस्सी., दुसरं वर्ष, जिल्हा सांगली)